आठ महिने, वीसेक फेऱ्या आणि पट्ट्यावरची सुशी

मी रत्नागिरीचा. कच्चा मासा फक्त मांजरानं खायचा, अशा घरात वाढलो. नोकरीमुळे तोक्योत आलो, निशी-कासाईला बिऱ्हाड थाटलं आणि घराजवळच्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात, म्हणजे जिथे ताटल्या फिरत्या पट्ट्यावरून टेबलापर्यंत येतात तिथे, जायला लागलो. दुकान एका मोठ्या साखळीतलं आहे. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो, कारण ताटल्या फिरतच नाहीत. ओसाकाच्या शिराइशी योशिआकींनी बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून १९५८ साली फिरत्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. २०२३ च्या जानेवारीत मात्र एका पोराचा टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ गाजला, आणि बऱ्याच दुकानांनी उघड्या ताटल्या फिरवणं थांबवलं. आता टेबलावरच्या पडद्यावर बोट लावायचं, की ताटली सरळ आपल्यापुढे येऊन थांबते. पडद्यावर इंग्रजी आहे, त्यामुळे भाषेवाचून काही अडत नाही.

मासा कच्चा म्हणून पहिल्या दोन खेपा मी शिजवलेली कोळंबी आणि अंडं यावरच निभावून नेल्या. तिसऱ्या खेपेला शिमे-साबा मागवला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. मीठ लावून, पाणी सुटू देऊन मग सिरक्यात मुरवलेला. चांदीसारखी पाठ, आत फिकट गुलाबी. पहिल्या घासाला आंबट लागतो, मग तेल सुटतं, आणि शेवटी बांगड्याची ती ओळखीची चव मागून येते. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीत दोन ताटल्या ठरलेल्या. सिरक्यानं अ‍ॅनिसाकिस नावाची अळी मरत नाही, त्यासाठी मासा उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवावा लागतो. तेव्हा हा प्रयोग घरी आणलेल्या ताज्या बांगड्यावर कुणी करू नये.

आता खरी गोष्ट. सुशी बिघडते ती भातानं, माशानं नाही. हे कळायला मला चार महिने लागले. भाताचे गोळे इथे यंत्र पाडतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गोळा कोमट हवा, तोंडात घातला की सुटायला हवा. दुपारी तीन-चारला गेलात तर तो गार आणि गिच्च मिळतो, वरचा मासा कितीही चांगला असो. आम्ही तीनदा याच वेळी गेलो, तिन्ही वेळा फसलो. साडेअकराला किंवा संध्याकाळी साडेपाचला जा, तेच दुकान वेगळं वाटेल. नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापडीत, गुंडाळलेले प्रकार आले की लगेच तोंडात टाका. गप्पा मारत बसलात तर नोरी ओल्या कागदासारखी चिवट होते.

मे महिन्यात आई आली होती. तिची नेमकी संकष्टी. तिच्यासाठी गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीतली इनारी मागवली, तिलाही आवडली. मग बायकोनं पडद्यावर घटकांची यादी उघडली. तोफू ज्या पाण्यात शिजवतात त्यात दाशी नावाचं सार, आणि दाशीत कुप्याच्या जातीतला सुकवलेला मासा. आईनं दुसरी इनारी हळूच माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "गणपतीला माहितीये मला माहीत नव्हतं ते." तेव्हा शाकाहारी मंडळींनो, काकडीची माकी (नोरीत गुंडाळलेली सुशी) सोडली तर प्रत्येक गोष्ट विचारून घ्या. जेवण झाल्यावर तीच आई टेबलावरच्या नळाखाली हात धरायला निघाली. तो नळ हिरव्या चहासाठी असतो, आणि त्यातून कढत पाणी येतं! मनगट धरलं म्हणून वाचली.

मुलगा सहा वर्षांचा. त्याचं एकच, सॅमन. हा सॅमन कच्चा खायची सवय जपान्यांना लागली ती नॉर्वेनं १९८० च्या दशकात विकायची खटपट केल्यावर, हे त्याला सांगून उपयोग नाही. त्याचं मन कुरा सुशी या दुसऱ्या साखळीत, कारण तिथे पाच ताटल्यांमागे पडद्यावर खेळ लागतो आणि नशीब असेल तर खेळणं पडतं. सहावी ताटली त्याला कधीच नको असते, दहावी हमखास हवी असते.

आमच्या दुकानात तिघांचं बिल साडेतीन-चार हजार येन होतं. शंभर येनच्या ताटलीचे दिवस २०२२ नंतर बऱ्याच ठिकाणी संपले, तरी बसून पोटभर मासे खायला तोक्योत याहून स्वस्त जागा मला अजून सापडलेली नाही. माकूल मात्र इथे मागवू नका, रबर चावल्यासारखं लागतं. आणि शनिवारी अ‍ॅपवर नंबर लावूनही पाऊण तास बाहेरच्या बाकावर काढावा लागतो. आम्ही आता मंगळवारी जातो.