निंबोळी तेल म्हणून मी काय फवारलं, देव जाणे

७,७३० रुपये गेले. पाच लिटरचा डबा २,४५० ला, असे तीन, वर गाडीभाडं ३८०. मोबाइलवर जाहिरात आली होती, लाकडी घाण्याचं शुद्ध निंबोळी तेल, अर्धेच पैसे आधी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अर्धे म्हणता म्हणता सगळेच आधी गेले.

मला अडाणी समजू नका. हे तेल आमच्या घरात नवं नाही. बैलाच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणून आई हेच लावायची, बहिणीच्या उवाही यानंच गेल्या. वास असा उग्र, लसणासारखा, की वाटी तीनदा घासली तरी जात नाही. म्हणून तर जास्त लाज वाटते. डिसेंबरची सकाळ होती. घरातलं खोबरेल गोठून दगड झालेलं, आणि हे डब्यातून पाण्यासारखं घळाघळा येत होतं. निंबोळी तेल थंडीत घट्ट होतं, हे मला ठाऊक होतं! आईनं बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, "अरे, कडू कुठंय हे?" मी म्हणालो, "आई, हे गाळलेलं असतं, तुला नाही कळायचं." ते वाक्य अजून झोपू देत नाही. पण मिरची पांढऱ्या माशीनं भरली होती, त्या घाईत कोण काय तपासणार?

साबणाच्या पाण्यात मिसळून फवारलं. चौथ्या दिवशी पानं करपली, माशी जागच्या जागी.

कृषी कार्यालयात साहेब म्हणाले, डब्यावर नोंदणी क्रमांक नाही, म्हणजे हे कीटकनाशकच नाही, मग आमच्याकडे येत नाही. अहो, नंबर नाही हीच तर माझी तक्रार! चौकीत विचारलं, पक्कं बिल कुठंय? वर ऐकवलं, रक्कम किरकोळ आहे. किरकोळ! तिसऱ्या खेपेला अर्जाची पोच मागितली, तर शिक्का मारणारा रजेवर. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. मी अकरा दिवसांनी लावला.

लेबलवर अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते वाचा. नोंदणी क्रमांक नसेल तर डबा गाडीतून उतरवूनच घेऊ नका. आणि विकत तरी कशाला? पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून शंभर लिटर पाणी करायचं, झाला पाच टक्के अर्क. आषाढात झाडाखाली सडा पडला होता, मीच वेचला नाही.

एक डबा सीलबंद ठेवलाय, नमुना तपासायला लागेल म्हणून. अजून कुणी मागितलेला नाही.