छातीच्या पट्ट्यावरचा कॅन: बेअर स्प्रेचा तीन हंगामांचा अनुभव

रॉकी पर्वतरांगेतल्या जंगलवाटांवर गेले तीन हंगाम मी जो बेअर स्प्रे, म्हणजे हल्ला करू पाहणाऱ्या अस्वलाला रोखणारा तिखट फवारा, जवळ बाळगत होते, त्याची मुदत नुकतीच संपली. टाकून देण्याआधी तो मी मोकळ्या माळावर पूर्ण रिकामा करून पाहिला आणि त्यानंतरच हे परीक्षण लिहायला बसले, कारण ज्याचा फवारा स्वतः पाहिलेला नाही अशा साधनाची शिफारस करणे मला योग्य वाटत नव्हते. हा कॅन मला अस्वलावर एकदाही वापरावा लागला नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तरीही त्याच्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक फवाऱ्यापेक्षा तो कुठे आणि कसा बाळगायचा याविषयीचे आहे.

आत काय असते ते आधी पाहू. मिरचीला तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅपसायसीन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये मिळून १ ते २ टक्के, तेलकट द्रावणात मिसळून, मोठ्या दाबाखाली भरलेली असतात. अस्वलाच्या डोळ्यांत, नाकात आणि घशात ती गेली की तीव्र दाह होतो, काही काळ दिसणे आणि श्वास घेणे कठीण होते, आणि नंतर हा परिणाम ओसरतो. प्राण्याला कायमची इजा होत नाही. माणसांपासून बचावासाठी मिळणारा छोटा पेपर स्प्रे आणि हा स्प्रे एकच आहेत असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे, पण तो चुकीचा आणि धोकादायक आहे. छोट्या स्प्रेची बारीक धार जवळच्या एका चेहऱ्यावर मारण्यासाठी असते, तर बेअर स्प्रेमधून रुंद ढग बाहेर पडतो आणि धावत येणाऱ्या प्राण्याला तो ओलांडूनच पुढे यावे लागते. अमेरिकेत बेअर स्प्रेची नोंदणी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक वेष्टनावर छापलेला असतो. खरेदी करताना मी सर्वांत आधी तोच शोधते. ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलांच्या प्रदेशात दिल्या जाणाऱ्या सूचनांनुसार कॅनमध्ये किमान २२५ ग्रॅम द्रव्य असावे, फवाऱ्याचा पल्ला किमान साडेसात मीटर असावा आणि तो किमान ६ सेकंद टिकावा. माझ्या कॅनवर २२५ ग्रॅम, ९ मीटर आणि ७ सेकंद असे आकडे होते.

हे आकडे प्रत्यक्षात कितपत उतरतात हे माळावर कळले. वारा पाठीमागून येत असताना केशरी ढग आठ मीटरवर रोवलेल्या काठीपर्यंत सहज पोहोचला आणि तिथे माणसाच्या उंचीहून रुंद पसरला. मुदत संपलेल्या कॅनकडून एवढी अपेक्षा मी केली नव्हती. मात्र पहिल्या तीन-चार सेकंदांनंतर जोर स्पष्टपणे कमी झाला आणि अखेरीस ढग काठीच्या निम्म्या अंतरावरच विरू लागला. दाब देणारा वायू वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत असतो, त्यामुळेच तीन ते चार वर्षांची मुदत दिलेली असते आणि ती पाळायलाच हवी. दुसरी गोष्ट म्हणजे बटण दाबताच कॅनचे तोंड वर उचलले जाते. पहिला फवारा माझ्या अंदाजापेक्षा बराच वरून गेला. चार पायांवर, डोके खाली घालून येणाऱ्या अस्वलाच्या डोक्यावरून तो निघून गेला असता. नेम थोडा खाली, अस्वलाच्या पुढच्या जमिनीकडे धरावा असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हातालाच समजले.

त्यानंतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने केवळ अर्धा सेकंद फवारा मारून पाहिला. ढग तीन मीटरवर अडखळला आणि त्याची कड माझ्यावर परतली. डोळे मिटण्याइतकी आग, घशात ठसका आणि मिनिटभर काहीच न सुचण्याची अवस्था, एवढे त्या कडेनेच झाले. भरपूर पाण्याने धुतल्यावर आणि न चोळता थांबल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत बरे वाटले. ज्यांना दमा आहे त्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. मी तो मुद्दाम केला, कारण जंगलात वारा आपल्या सोयीने वाहत नाही आणि प्रसंग आलाच तर आपल्यालाही थोडे सोसावे लागेल याची तयारी मनात असायला हवी.

या साधनावर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर मला २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळाले. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातल्या घटना तपासल्या. त्यांपैकी ७२ प्रसंगांत लोकांनी अस्वलापासून बचावासाठी स्प्रे वापरला होता. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा अस्वलाचे नको असलेले वागणे फवाऱ्याने थांबले, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारी लोकांपैकी ९८ टक्के लोकांना अस्वलाकडून कसलीही इजा झाली नाही. वाऱ्यामुळे नेम बिघडल्याच्या घटनाही त्यात नोंदवल्या आहेत आणि फवाऱ्याचा त्रास वापरणाऱ्यालाच झाल्याच्याही. माझ्या माळावरच्या अनुभवाशी हे अगदी जुळते. हे आकडे ज्यांनी त्या क्षणी स्प्रे हातात घेऊन तो उडवला त्यांचे आहेत. सॅकच्या तळाशी पडलेल्या कॅनला ते लागू होत नाहीत.

इथेच माझी मुख्य तक्रार येते, आणि ती कॅनबद्दल नसून त्याच्यासोबत मिळालेल्या कापडी म्यानाबद्दल आहे. हे म्यान कमरेच्या पट्ट्यात ओवण्यासाठी शिवलेले आहे. पाठीवर मोठी सॅक असली की तिचा कमरपट्टा नेमका त्याच जागी आवळला जातो आणि कॅन त्याखाली दबतो. पहिल्या हंगामातल्या पहिल्याच चढणीवर एका हाताने तो काढता येईना, म्हणून मी तो सॅकच्या बाजूच्या जाळीदार कप्प्यात खोचला आणि अख्खा दिवस तसाच चालवला. आज मागे वळून पाहताना मला ती चूक गंभीर वाटते. अस्वल ताशी ५५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. तीस मीटरवरच्या झुडपातून ते निघाले तर आपल्या हाताशी दोन सेकंद असतात आणि त्या दोन सेकंदांत सॅक उतरवून कप्पा चाचपणे शक्य नाही. पुढे मी म्यान सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला डाव्या बाजूला आडवे बांधले, त्यामुळे उजवा हात सरळ कॅनवर जातो. चिकटपट्टीचे झाकण मात्र इतके घट्ट आहे की ते उघडायलाच एक सेकंद जातो. मी ते मागे दुमडून शिवून टाकले. जे काम निर्मात्याने करायला हवे होते ते ग्राहकाला सुईदोऱ्याने करावे लागावे, हे मला मान्य नाही.

म्यानाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे सेफ्टी क्लिप. ती पाचरीसारखी बटणाखाली बसते आणि अंगठ्याने मागे ओढून काढायची असते. हातमोजे घालून हे पहिल्यांदा मला जमले नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लिप प्रवासात निघू नये म्हणून नव्या कॅनला प्लास्टिकची एक बारीक पट्टी आवळलेली असते आणि ती कापल्याशिवाय क्लिप हलतच नाही. त्या पहिल्या दिवशी माझ्या कॅनची पट्टी तशीच होती, हे मला संध्याकाळी तंबूत कळले. वेष्टनावर त्याची सूचना आहे, पण ती बारीक अक्षरांच्या गर्दीत हरवते. माझ्या मते ती क्लिपवरच ठळक रंगात असायला हवी. सरावासाठी कॅपसायसीन नसलेले कॅनही मिळतात, आणि दोघांनी मिळून असा एक कॅन संपवणे हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत सार्थ खर्च आहे असे मी म्हणेन.

दुसऱ्या हंगामात, सप्टेंबरच्या एका दुपारी, ओढ्याकाठच्या वळणावर साधारण साठ मीटरवर एक तपकिरी अस्वल बेरी खाताना दिसले. पाण्याच्या आवाजात त्याला आमची चाहूल लागली नव्हती आणि वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलांपासून किमान ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. आम्ही नकळत त्याच्या आत होतो. माझा हात छातीवर गेला, कॅन बाहेर आला, अंगठा क्लिपवर टेकला. आम्ही दोघी खालच्या आवाजात बोलत, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत राहिलो. त्याने डोके वर केले, बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा झुडपात तोंड घातले. फवारा मारायची वेळ आली नाही. पण त्या क्षणी पायांना पळण्याची जी विलक्षण ओढ लागली होती, ती हातातल्या त्या कॅनमुळेच आवरता आली असे मला मनापासून वाटते, आणि पळणे म्हणजे अस्वलाला पाठलागाचे निमंत्रण असते. ओढ्याचा आवाज असलेल्या जागी मोठ्याने बोलत जावे, हे आम्हाला माहीत असूनही आम्ही त्या वळणावर गप्प होतो. तिथे चूक आमची होती.

वापराच्या काही मर्यादा वेष्टनावर असतात, पण लोक त्या वाचत नाहीत. डासांच्या औषधासारखा हा स्प्रे अंगावर, तंबूवर किंवा सॅकवर मारायचा नसतो. टॉम स्मिथ यांनीच १९९८ साली दाखवून दिले की जमिनीवर पडून राहिलेल्या फवाऱ्याच्या वासाकडे तपकिरी अस्वले उलट ओढली जातात. म्हणून माळावरच्या प्रयोगानंतर मी कपडे आणि बूट स्वच्छ धुतले आणि तो माळही मुद्दाम वस्तीजवळचा, अस्वलांच्या प्रदेशाबाहेरचा निवडला होता. उन्हात उभ्या गाडीत कॅन ठेवू नये. ५० अंशांच्या आसपास तो फुटू शकतो. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इन केलेल्या सामानातही, त्यामुळे जिथे चालायचे तिथेच तो विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. शिवाय सगळीकडे त्याला परवानगी नसते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तो नेण्यास बंदी आहे. मुक्कामी तर स्प्रेपेक्षा अन्न कसे ठेवता हेच अधिक महत्त्वाचे आहे. त्यासाठी अस्वलाला न उघडता येणारा डबा लागतो आणि स्प्रे त्याची जागा घेऊ शकत नाही.

फवाऱ्याबद्दल माझे पूर्ण समाधान आहे, कॅनच्या मजबुतीबद्दलही. तीन हंगामांच्या पावसात आणि दगडांवरच्या आपटण्यातही त्याचे बटण अडकले नाही. म्यान मात्र मला नापास करावे लागेल. नवा कॅन मी त्याच जातीचा, पण २९० ग्रॅमचा घेतला आहे, कारण शेवटच्या सेकंदांत जोर कसा ओसरतो ते मी पाहिले आहे. म्यान यावेळी वेगळे, छातीच्या पट्ट्यासाठीच शिवलेले आणि वरून उघडे असलेले आहे. मुदतीचा महिना कॅनच्या तळाशी असतो, म्हणून तो कागदावर लिहून सॅकच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे, आणि प्लास्टिकची पट्टी कॅन घरात आला त्याच दिवशी कापली.