वाय-डीएनए चाचणी : बरेच महिने वापरल्यावर, आणि त्या 'इ.स. १३०४'बद्दल

३७ मार्करचं किट थोडक्यात असं : बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर ३७ ठरलेल्या जागी (मार्कर) डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा आला ते मोजतात, आणि दोघांतल्या फरकावरून सामाईक पूर्वजाचं साल अंदाजतात. लिहायला निमित्त एवढंच, की परवा लॉगिन केलं तर आमच्या भाऊबंदांचा मूळपुरुष एका रात्रीत १३०४ वरून १५६० वर येऊन बसला होता. ना ईमेल, ना खुलासा. हात धुऊन मागे लागल्यावर उत्तर आलं : "अंदाज अद्ययावत केला आहे." डीएनए बदलण्याचा धरलेला दर बदलला असेल तर बदलू दे, पण जुना कुठला, नवा कुठला, हे सांगायला काय जातं?

माझा सगळा राग त्या ठळक सालावर आहे. हिशोब स्वतः करून बघा. माझ्यात आणि बडोद्याच्या चुलतभावात चार पावलांचा फरक (एक पाऊल म्हणजे मोजणी एकाने कमी-जास्त). दर मार्करला दर पिढीला ०.००२५ बदल धरले, तर दोन्ही बाजू मिळून पिढीमागे ०.१८५. म्हणजे साधारण २२ पिढ्या. पिढी ३१ वर्षांची धरली की (१९८० पासून मागे मोजून) साल येतं १३०० च्या आसपास. पण अवघ्या चार बदलांवर ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली, तर ती ६ ते ५५ पिढ्या येते. इ.स. २७० ते १७९०! वाकाटकांपासून सवाई माधवरावांपर्यंत कुठेही. ही मर्यादा एका बारीक बाणाखाली दडवलेली, आणि मोबाइलवर तो बाण दिसतही नाही.

त्यातून चारपैकी दोन फरक सीडीवायवर. तो मार्कर भयंकर उतावळा, पटापट बदलणारा, त्याला बाकीच्यांच्या पंक्तीला बसवून सरासरी काढली की पूर्वज मागे ढकलला जाणारच. आमच्या ग्रुपवर एका काकांनी तर झिवोतोव्स्की या संशोधकांचा २००४ चा दर लावला, दर मार्करला २५ वर्षांना ०.०००६९. त्याच चार फरकांवर घराणं दोन हजार वर्षं मागे, थेट सातवाहन काळात! तो दर मोठ्या जनसमूहांच्या लांब इतिहासासाठी काढलेला आहे, दोन चुलतभावांसाठी नव्हे. काकांना हे पटलेलं नाही.

कुलवृत्तांत काय म्हणतो? मूळपुरुषाचा जन्म १७०० च्या सुमाराचा, धाकटा मुलगा गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला गेला. तिथून माझ्यापर्यंत नऊ पिढ्या, बडोद्याकडे अकरा. आमच्याकडे बिजवरांच्या धाकट्या मुलांची रांगच लागली आहे, बाप-लेकात कुठे कुठे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं अंतर. 'एक पिढी = ३१' हे इथे कसं चालावं?

इथपर्यंत दोन तारे देणार होतो. मग दिवाळीच्या सवलतीत माझी आणि बडोद्याच्या चुलतभावाची मोठी चाचणी केली, तीच ज्यात वायची लाखो अक्षरं वाचतात. (अर्धे पैसे त्याने दिले, नाहीतर केली नसती.) मला स्वतंत्र बदल (दुसऱ्याकडे नसलेले) दोन निघाले, त्याला चार. साधारण दीड कोटी अक्षरं नीट वाचली गेली आणि दर अक्षराला वर्षाला ०.८२ गुणिले १० चा उणे नववा घात धरला, तर एका बदलाला सुमारे ८१ वर्षं. सरासरी तीन बदल, म्हणजे २४५ वर्षं, पुन्हा १९८० पासून मागे मोजून साल १७३५ च्या आसपास. कुलवृत्तांताच्या इतकं जवळ! इथे मोजणी वर्षांत असल्यामुळे पिढी किती वर्षांची, हा वादच राहत नाही. दोन आणि चार या तफावतीतून मात्र काही शोधू नका, एवढ्या लहान आकड्यांत असं होतंच. इथेही मर्यादा १४५० ते १८९० आहेच, आणि कंपनीने पुन्हा ठळक छापलंय फक्त १७३५.

आता साडेतीन तारे. उरलेला दीड त्या बाणाचा. ३७ मार्करवर तारीख काढायला पैसे घालवू नका. दोघे एकाच घराण्याचे आहेत का एवढंच बघायचं असेल तर ते किट पुरे. मोठी चाचणी करायचीच, तर कागदोपत्री नातं पक्कं असलेला लांबचा भाऊबंद आधी गाठा आणि खर्च वाटून घ्या.

आमच्या तिसऱ्या शाखेत एक दत्तक आहे, तोही भाऊबंदांतूनच घेतलेला. वाय तोच, पण पिढ्यांची मोजणी तिथे घसरते. त्या शाखेतल्या आजोबांचा नमुना हवा आहे. ते म्हणतात, गालात काडी फिरवू दे हवी तेवढी, पण पैसे कोण भरणार ते आधी सांग.