लोहाची तपासणी: रक्त घ्यायला ही लॅब उत्तम, रिपोर्टवरची रेंज मात्र बदलायला हवी

मिरजेत लॅबना तोटा नाही. आमचं घर मात्र मार्केटजवळच्या एका छोट्या लॅबलाच धरून आहे, आणि रक्त घेण्याच्या कामात तिथल्या सिस्टरना मी पैकीच्या पैकी गुण देईन. सासूबाईंची शीर पटकन सापडत नाही. सिस्टरनी त्यांचा हात आधी शेकून घेतला, "आजी, मूठ घट्ट करा" म्हणत एका टोचणीत दोन्ही नळ्या भरल्या: जांभळ्या झाकणाची सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी), पिवळ्या झाकणाची लोहासाठी. फोनवरच बजावलं होतं, सकाळी उपाशीपोटी या, लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका. सीरम आयर्न दिवसभरात बरंच वरखाली होतं आणि गोळीनंतर तर चढतंच. हे आधी सांगणारी लॅब मला भरवशाची वाटते.

तक्रार आहे ती पॅकेजची. 'आयर्न प्रोफाइल'मध्ये सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह), टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (त्या क्षमतेपैकी किती टक्के लोहाने भरलीय) एवढंच मिळतं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन त्यात नाही. त्याचे ६०० रुपये वेगळे. नेमकी तीच तपासणी आमच्या लेकीच्या कामी आली. पोरगी बारावीला, पाळीत अंगावरून फार जातं, केस मूठमूठ गळायचे, जिना चढून आली की बसकण मारायची. हिमोग्लोबिन १२.३, म्हणजे बायकांसाठीच्या १२ च्या वर, ॲनिमिया नाही. फेरिटिन ९! पण रिपोर्टवर शेजारी रेंज छापलेली ५ ते २०४, त्यामुळे तो ९ ठळकसुद्धा केलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी मोठ्या माणसांना आणि या वयाच्या मुलामुलींना १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि लगेच गोळ्या लिहिल्या. ज्या घरात रिपोर्ट 'सगळं नॉर्मल' म्हणून फायलीत जातो, तिथल्या मुलीचं काय?

सासूबाईंचं उलट. त्यांना आमवात. फेरिटिन ५८, दिसायला भरपूर. पण अंगात सूज असली की फेरिटिन आपोआप वाढतं, म्हणून अशा माणसांसाठी तीच संघटना ७० ची मर्यादा धरते. सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं आणि सॅच्युरेशन फक्त १२ टक्के, हे जोडून बघितल्यावर त्यांनाही लोह कमी असल्याचं डॉक्टर म्हणाले.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं कौतुक केलंच पाहिजे. शेजारच्या मुलाचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ६६ इतका कमी आणि लाल पेशी मात्र ६० लाखांच्या वर आल्या, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी फेरिटिन आणि एचबीए-टू (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण) करून घ्या, हा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असू शकतो. पेशी बारीक दिसल्या की लोहच कमी, असं धरून चालणारे बरेच असतात.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो, वेळ पाळतात. काउंटरवर मी लेखी दिलंय: फेरिटिन पॅकेजमध्ये घ्या आणि रेंजखाली १५ ची एक ओळ छापा. तोवर जाणाऱ्यांनी चिठ्ठीवर फेरिटिन आहे का ते डॉक्टरांना आधी विचारावं. ताप किंवा सांध्यांना सूज असेल तर सीआरपीचंही विचारावं.