च्वानचौ: देवळाच्या मागच्या ओसरीपासून सुरू होणारं शहर

चीनच्या फूच्येन प्रांतात जाणारे बहुतेक जण श्यामेन शहराचा समुद्र पाहून परततात. तिथून बुलेट ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर असलेलं च्वानचौ राहून जातं. २०२१ पासून हे जुनं बंदर जागतिक वारसा यादीत आहे. त्या नोंदीत २२ ठिकाणं आहेत, पण सगळी गाठायच्या फंदात पडू नका. दोन दिवसांत तीन नीट बघा.

पहिलं खाययुआन मंदिर. इ.स. ६८६ मधलं हे बौद्ध देवस्थान. लोक दोन दगडी मनोऱ्यांपुढे फोटो काढून निघून जातात. तुम्ही मुख्य मंडपाला वळसा घालून मागच्या ओसरीत जा. तिथले दोन सोळा बाजूंचे खांब हिंदू देवळाचे आहेत! तमिळ व्यापाऱ्यांचं देऊळ तेराव्या शतकात या शहरात होतं. ते पडल्यावर त्याचे दगड मिंग राजवटीच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) या मंडपाच्या दुरुस्तीत वापरले गेले. हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह, गजेंद्रमोक्ष, दोन झाडांमध्ये अडकलेला उखळ ओढणारा बाळकृष्ण, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. नक्षी वीतभर गोलांत आणि उठाव कमी, शिवाय ही बाजू उत्तरेची, त्यामुळे सावलीत. मोबाईलचा टॉर्च समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं, बाजूने तिरपा धरा. मंडपापुढच्या चौथऱ्यावर माणसाच्या तोंडाचे सिंह आहेत, तेही त्याच देवळाचे.

याच आवारात १९७४ मध्ये चिखलातून काढलेलं सोंग राजवटीच्या काळातलं (दहावं ते तेरावं शतक) जहाज आहे. उरलेला सांगाडा २४ मीटर लांब. त्यातले १३ बंदिस्त कप्पे मोजा: एक फुटला तरी बाकीचे कोरडे राहायचे.

लुओयांग पूल (१०५३ ते १०५९) मात्र वेळ साधून बघायचा. पायाचे दगड घट्ट धरावेत म्हणून बांधणाऱ्यांनी त्यांवर कालवं (ऑयस्टर) वाढवली. भरतीला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. तिसरं शेजारच्या चिनच्यांगमधलं त्साओआन मंदिर. १३३९ मध्ये कोरलेली मानीची (तिसऱ्या शतकातला इराणी धर्मसंस्थापक) मूर्ती तिथे आजही पुजतात, पण बुद्ध म्हणून. खांद्यावर रुळणारे सरळ केस आणि दाढी, बुद्धाला कधी पाहिलीत? बससाठी ताटकळण्यापेक्षा टॅक्सी करा.

श्युनपू गावात केसांत फुलं माळून फोटो काढायची झुंबड असते. कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती बघायच्या असतील तर सकाळी लवकर जा, नाहीतर सोडून द्या.

शाकाहाऱ्यांची इथे पंचाईत होते. साध्या परतलेल्या पालेभाजीतही सोडे किंवा डुकराची चरबी असू शकते, बारीक शेवयांची पेजही मांस किंवा मासळीच्या रसातली असू शकते. मांस, मासे, सोडे, चरबी काहीच नको असं चिनीत लिहून मोबाईलमध्ये ठेवा. गोड शेंगदाण्याचं सूप बिनधास्त घ्या, दाणे जिभेवर विरघळतात.

अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड जोडून घ्या. २०० युआनवरच्या व्यवहाराला विदेशी कार्डावर ३ टक्के कापतात, मोठं बिल असेल तर लक्षात ठेवा. गूगल मॅप्सवर विसंबू नका, अमॅप हे चिनी नकाशा-अ‍ॅप टाका. च्वानचौ आणि च्वानचौ पूर्व ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. जुन्या शहराला पहिलं जवळ पडतं, तिकीट काढताना नाव नीट वाचा. छोट्या लॉजमध्ये परदेशी पासपोर्ट चालतो का, तेही पैसे भरण्याआधी विचारा.

जुलै ते सप्टेंबर वादळांचे. ऑक्टोबरनंतर जावं.