आगाशिव-तुरळ की पाटेश्वर-लिंब? दोन दिवसांत नेमकं काय पाहावं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आमच्या घरी हा विषय दरवर्षी निघतो. लेणी दाखवा, जुनी देवळं दाखवा, आणि जमलं तर गरम पाण्याची कुंडंही. लेणी आणि देवळं सातारा जिल्ह्यात हवी तेवढी आहेत. ऊन पाण्यासाठी मात्र घाट उतरून कोकणात जावं लागतं. दोन दिवसांच्या सहलीचा सगळा हिशेब या एका उतरणीवर ठरतो. दोन्ही फेऱ्या मी घरच्यांना घेऊन एकापेक्षा जास्त वेळा केल्या आहेत, त्यामुळे स्पष्ट मत देतो.

पहिली फेरी कराडची. सकाळी जखिणवाडीच्या बाजूने आगाशिवची लेणी, दुपारी पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मुक्काम. दुसऱ्या दिवशी संगमेश्वरच्या दिशेने अरवली, तुरळ, राजवाडी ही गरम पाण्याची ठिकाणं आणि शेवटी कसब्याचं कर्णेश्वर मंदिर. दुसरी फेरी साताऱ्याची. मुक्काम साताऱ्यातच, एक दिवस पाटेश्वरला, दुसऱ्या दिवशी लिंबची बारा मोटांची विहीर आणि वाईजवळची लोहारे गावची लेणी.

आगाशिवला साठच्या वर बौद्ध लेणी आहेत, डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना विखुरलेली. अजिंठा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल. इथे चित्रं नाहीत, कोरीवकामही फार थोडं. बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या, आत झोपायला दगडी ओटे. पण एका चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, दर्शनी भागावर एकीकडे चक्राचा आणि दुसरीकडे सिंहांचा स्तंभ कोरला आहे. त्याच्यापुढे उभं राहिलं की कराड किती जुनं आहे ते पायाखालून जाणवतं. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत करहाटकाची, म्हणजे या कराडची, माणसं होती. त्यांची नोंद तिथल्या दगडावर आहे. हे मुलांना चढायच्या आधी सांगा. मग त्या रिकाम्या खोल्या त्यांना रिकाम्या वाटत नाहीत. चढ उघडा आहे, सावली नाही. मी एकदा मार्चमध्ये आईला अकरा वाजता वर नेलं. ती काही बोलली नाही, पण खाली आल्यावर तासभर पारावर बसून राहिली. सातला निघा, दहाला खाली या.

आता कुंडं. अरवलीचं पाणी साधारण चाळीस अंशांचं, अंग सोडून बसावं असं. तुरळचं साठीच्या घरात, तिथे थेट उगमाशी हात घालू नका. आधी मगाने पाणी घेऊन बघा. राजवाडीला झऱ्याजवळच सोमेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि गर्दी कमी असते, म्हणून मला तिन्हींत तेच आवडतं. पाहुणे हमखास विचारतात की खाली ज्वालामुखी आहे का. नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पाण्याला गंधकाचा वास येतो आणि चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण, जोडवी आधी काढून ठेवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कसब्याचं कर्णेश्वर सोडू नका. छताचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघत राहावं असं आहे. १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले ते याच गावात, त्यामुळे देवळातून बाहेर पडताना आवाज आपोआप खाली येतो.

पाटेश्वरची गोष्ट निराळी. साताऱ्याहून देगावमार्गे जेमतेम पंधरा किलोमीटर, पण साताऱ्यातली कितीतरी माणसं तिथे गेलेली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. डोंगरावर झाडीत पुष्करणी, देवळं, कोरलेल्या गुहा, आणि आत शिवलिंगंच शिवलिंगं. काही मोठ्या पिंडींवर बारीक पिंडींच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. त्यातलं अग्निवृषाचं शिल्प शोधून बघा. चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेल्या वृषभाचं वर्णन ऋग्वेदात येतं, त्याच्याशी अभ्यासक हे शिल्प जोडतात. गुहांत अंधार असतो, बॅटरी हवीच. आणि घाई नको. इथे तासाभरात फोटो काढून परतलेला माणूस काहीच न पाहता आलेला असतो.

लिंबची विहीर त्या मानाने सोपी. महामार्गापासून जवळ, चढ नाही, आजीलाही नेता येते. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी विहीर, सुमारे ११० फूट खोल, आणि पोटात चक्क छोटा महाल. वर मोटांच्या जागा अजून दिसतात. घरात कुणी मोट चालवलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला बरोबर न्या, बैलांची धाव कशी असायची ते तिथेच उभं राहून ऐकण्यासारखं असतं. लोहारेची लेणी लहान आहेत, पण तिथला बौद्ध स्तूप पुढे पालपेश्वर महादेव म्हणून पूजेत आला, एवढ्यासाठी वाट वाकडी करावी.

सांगली, विटा, तासगावकडच्यांनी या दोन्हींच्या आधी देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर करावं. तिथे समुद्रेश्वर महादेवाच्या देवळाभोवती लहानमोठ्या देवळांचा पुंजका आहे आणि शेजारी धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर उभं केलेलं अभयारण्य. एका दिवसात होतं.

तर निवड कशी करायची? गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर कराडची फेरी घ्या, पण आगाशिव वगळून. थेट घाट उतरा, कारण कुंडांपर्यंत आणि कर्णेश्वरापर्यंत फारसं चालावं लागत नाही. थंडीत हीच फेरी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको, कुंभार्लीत दरड आणि धुकं दोन्हींची धास्ती असते. सातवी-आठवीची मुलं असतील, किंवा गाडीत बसून कंटाळणारी माणसं असतील, तर साताऱ्याची. दोन दिवसांत मिळून जेवढा प्रवास होतो तेवढा कराडवाल्यांचा पहिल्या दुपारीच होतो. आणि मला स्वतःला एकच ठिकाण निवडायला सांगितलंत तर मी पाटेश्वर म्हणेन, नोव्हेंबरातल्या कामाच्या दिवशी, डबा बांधून. वर जेवणाची सोय धरून जाऊ नका, पाणीही घरूनच न्या.