हॅलस, ब्राऊन की डेव्हिस: मालक झालेला कोच समजून घ्यायचा तर सुरुवात कुणापासून?

अमेरिकन फुटबॉलमध्ये कोचचे दोन हंगाम वाईट गेले की हातात नारळ पडतो. पण कोच स्वतःच मालक झाला तर नारळ देणार कोण? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर तीन माणसं कामाची: जॉर्ज हॅलस, पॉल ब्राऊन आणि अल डेव्हिस. तिघांवर ढीगभर मजकूर आहे. वेळ एकासाठीच असेल तर कोण निवडायचा, ते ठरवायला हा आढावा.

हॅलसचं थोडक्यात आटपतो. 1920 मध्ये ओहायोतल्या कँटन गावात मोटारींच्या एका शोरूममध्ये आजच्या एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगची, बैठक झाली. खुर्च्या पुरेनात, म्हणून मंडळी गाड्यांच्या पायऱ्यांवर बसली. त्यात हा होता. त्याची टीम तेव्हा स्टेली नावाच्या स्टार्च कंपनीची होती. पुढच्या वर्षी कंपनीला खर्च झेपेना, तेव्हा मालकाने टीम त्याच्या स्वाधीन केली, वर 5,000 डॉलर दिले आणि स्टेली हे नाव आणखी एक हंगाम ठेवायची अट घातली. 1922 पासून तीच टीम शिकागो बेअर्स. हॅलस खेळायचा, शिकवायचा आणि हिशेबही बघायचा. कोच म्हणून 40 हंगाम, 6 विजेतेपदं. पण तो जवळजवळ पहिल्यापासूनच मालक. नोकराचा मालक होतानाची घालमेल इथे सापडत नाही. लीग कशी उभी राहिली यात रस असेल तरच याच्यापासून सुरुवात करा.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

पॉल ब्राऊन मूळचा शाळामास्तर आणि तो शेवटपर्यंत मास्तरच राहिला. खेळाडूंना बाकावर बसवून वही-पेन्सिल द्यायची, सामन्याची फिल्म बघून प्रत्येकाला मार्क द्यायचे, ही शिस्त त्याची. 1946 मध्ये क्लीव्हलँडची टीम निघाली तेव्हा कोच हा आणि टीमचं नावच ब्राऊन्स ठेवलं गेलं. त्याच वर्षी त्याने मॅरियन मोटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतलं, बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन येण्याच्या एक वर्ष आधी. पहिल्या दहा हंगामांत सात विजेतेपदं. 1961 मध्ये आर्ट मोडेलने टीम विकत घेतली आणि 1963 च्या जानेवारीत, ज्याचं नाव टीमला होतं त्यालाच काढून टाकलं. शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाचायला धड बातमीसुद्धा नव्हती. करारामुळे पगार मात्र चालू राहिला.

पाच वर्षांनी, 1968 मध्ये, तो सिनसिनाटी बेंगल्स घेऊन परतला. सगळे पैसे त्याचे नव्हते, पण कारभार आपल्याच हातात राहील याची तजवीज त्याने आधीच केली होती. 1970 मध्ये बेंगल्सनी ब्राऊन्सना 14-10 ने हरवलं.

मग जे झालं त्यासाठीच मी याला वर ठेवतो. 1975 च्या हंगामानंतर ब्राऊनने कोचपद सोडलं, मालकी ठेवली. आठ वर्षं हाताखाली तयार झालेला बिल वॉल्श वारसा मिळेल म्हणून थांबला होता. ब्राऊनने दुसऱ्यालाच नेमलं. वॉल्श बाहेर पडला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा कोच झाला. बेंगल्स 1982 आणि 1989 अशा दोन सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पोचले आणि दोन्ही वेळा वॉल्शच्याच टीमकडून हरले: 26-21, 20-16. दुसऱ्या वेळी तर शेवटची 34 सेकंद उरली असताना.

डेव्हिसची गोष्ट जास्त चटपटीत. 1963 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो ओकलँड रेडर्सचा कोच झाला. आदल्या हंगामात 1 विजय आणि 13 पराभव असलेली टीम त्याने 10-4 वर आणली. 1966 मध्ये फक्त 18,500 डॉलर देऊन दहा टक्क्यांचा भागीदार झाला. 1972 मध्ये मुख्य भागीदार वेन व्हॅली म्युनिक ऑलिंपिक बघायला गेला असताना तिसऱ्या भागीदाराची सही घेऊन याने सगळा कारभार स्वतःकडे ओढला. तिघांतल्या दोघांच्या सह्या पुरेशा होत्या. व्हॅली कोर्टात गेला, पण करार टिकला. मालक म्हणून तीन सुपर बोल जिंकले, लीगला कोर्टात हरवून टीम लॉस एंजेलिसला नेली, 1995 मध्ये परत आणली. 1989 मध्ये आर्ट शेलला नेमून आधुनिक एनएफएलला पहिला कृष्णवर्णीय हेड कोचही यानेच दिला.

उतरण मात्र बघवत नाही. 2003 पासून सलग सात हंगाम, प्रत्येकी किमान अकरा पराभव. 2008 मध्ये कोच लेन किफिनला काढल्यावर हा एकोणऐंशी वर्षांचा मालक पत्रकारांसमोर ओव्हरहेड प्रोजेक्टर लावून बसला आणि किफिनला धाडलेलं पत्र पडद्यावर दाखवू लागला. त्याला नारळ देणारं तर कोणीच नव्हतं.

सत्ता कशी मिळवतात हे बघायचं असेल तर डेव्हिस घ्या. मला विचाराल तर आधी ब्राऊन. नारळ मिळण्याची आणि देण्याची, दोन्ही बाजू त्याच्याकडे आहेत, आणि वॉल्शचा भाग वाचताना कोणाची बाजू घ्यावी तेच ठरत नाही. स्वतः कोच असाल आणि हा रस्ता धरावा म्हणत असाल, तर आज तो बंदच समजा: मुख्य मालकाकडे किमान तीस टक्के हिस्सा लागतो आणि टीमची किंमत अब्जावधी डॉलर.

सिनसिनाटीच्या स्टेडियमलाही ब्राऊनचंच नाव होतं. 2022 मध्ये नावाचे हक्क विकले आणि तिथे पेकॉर कंपनीची पाटी लागली. पेकॉरचा धंदा काय, तर लोकांच्या पगाराचे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर.